शेंडेनक्षत्राचा न दिसणारा प्रकाश

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावर कनेरगांव नांवाचें एक गांव आहे. त्याच्या नांवाला ‘नाका’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. इ. स. १८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला, तेव्हांपासून ह्या भागांतून दोन राज्यव्यवस्थांची सीमा गेली. अलीकडे मोगलाई, पलीकडे वऱ्हाड. सीमा ओलांडणाऱ्या मालावर निजाम सरकारचें करोडगिरी खातें जकात घेई. नाका आला कीं गाडी थांबावयाची, मालाची मोजदाद व्हावयाची, कांहीं देणेंघेणें व्हावयाचें आणि मगच बैल पुढें हांकावयाचे, हा क्रम ठरलेला. १९४८ मध्यें हैदराबादची निजामी राजवट संपली आणि १९६० मध्यें सीमेच्या दोन्ही बाजूंचा मुलूख एकाच महाराष्ट्र राज्यांत आला. नांवांतला नाका मात्र राहिला.

ह्या गांवाच्या परिसरावरून एकदां आणखीहि एक सीमा सरकत गेली होती. ती प्रकाशाची आणि छायेची. ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं दुपारीं चंद्राची छाया अरबी समुद्रावरून कोंकण किनाऱ्यास लागली व ईशान्येच्या रोखानें वेगानें निघून गेली. विजयदुर्ग, सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर, वऱ्हाडांतील तळणी आणि वर्ध्याजवळचें पुलगांव हीं त्या खग्रास सूर्यग्रहणाचीं प्रसिद्ध ठिकाणें होत. नकाशावर जेऊरपासून पुलगांवपर्यंत रेषा ओढली, तर ती कनेरगांव नाक्याच्या आसपासच्या मुलुखावरूनच जाते. देशोदेशींच्या ज्योतिर्विदांनीं मात्र आपले तंबू आगगाडीच्या किंवा बंदराच्या सोईच्या गांवीं ठोकले. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास उतरला. विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लॉकियरनें १८६८ मध्यें हेलियमचा शोध लावला, अशी एक कथा कोंकणांत अद्यापि सांगितली जाते. ती खरी नाहीं. १८६८ मध्यें लॉकियर इंग्लंडांत होता आणि त्यानें आपले सूर्याचे वेध तेथूनच घेतले; विजयदुर्गीं त्याचे पाय लागले ते ह्या १८९८ च्या ग्रहणाच्या वेळीं. पुलगांवास न्यूऑल व हिल्स हे इंग्रज विद्वान होते. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचा कॅम्बेल जेऊरला आला होता, आणि त्याच जेऊरला पुण्याहून प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला आपलीं यंत्रें घेऊन गेले होते.

नायगमवालांचें नांव आज महाराष्ट्रांत फार थोड्यांस ठाऊक आहे, ही खेदाची गोष्ट होय. भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें आणि मुंबई सरकारच्या साह्यानें पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें १८८८ च्या सुमारास ‘महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा’ उभी राहिली आणि तिची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेथील २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण हिंदुस्थानांत त्या काळीं सर्वांत मोठी होती. ताऱ्यांचा व सूर्याचा प्रकाश लोलकांतून फोडून त्याच्या वर्णपटावरून तेथील द्रव्य ओळखावें, ही विद्या त्या वेळीं युरोपांतहि तरुण होती. नायगमवालांनीं ती पुण्यांत रुजविली. जेऊरच्या ग्रहणावरील त्यांचा सविस्तर अहवाल पुढें प्रसिद्ध झाला. परंतु १९१२ मध्यें ते सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्यामागें वेधशाळाहि बंद झाली. तिचीं यंत्रें कोडईकनालला पाठविण्यांत आलीं. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर अख्खी वेधशाळा मिटावी, ह्यावरून त्या वेळच्या सरकारची ह्या शास्त्राविषयींची आस्था किती उथळ होती हें दिसतें.

जेऊरच्या माळावर ग्रास सुमारें दोन मिनिटें टिकला. त्या दोन मिनिटांत जें पाहावयाचें तें सूर्याभोंवतींचें मोत्याच्या रंगाचें प्रभामंडळ. एरवीं सूर्याच्या तेजांत तें लोपून जातें. त्याच्या वर्णपटांत एक हिरवी रेषा १८६९ पासून दिसत होती, आणि १८९८ च्या ग्रहणांत तिचें नेमकें स्थान पूर्वींच्या समजाहून निराळें असल्याचें ठरलें. पृथ्वीवरील कोणत्याहि ज्ञात मूलद्रव्याशीं ती जुळेना. तेव्हां विद्वानांनीं ‘कोरोनियम’ नांवाचें एक नवें मूलद्रव्य कल्पिलें. तें पुढें चाळीस वर्षें पुस्तकांतून नांदलें आणि शेवटीं खोटें ठरलें. जर्मनींत ग्रोट्रियान आणि स्वीडनमध्यें बेंग्ट एडलेन ह्यांनीं १९३९ नंतरच्या दोनतीन वर्षांत दाखवून दिलें कीं, ती रेषा साध्या लोखंडाचीच आहे. फरक इतकाच कीं, त्या लोखंडाच्या अणूंतील २६ इलेक्ट्रॉनांपैकीं १३ हिरावून घेतलेले आहेत. अणूची अशी लूट होण्यास दहा लाख अंशांच्या वरचें उष्णतामान लागतें. सूर्याचा पृष्ठभाग साडेपांच हजार अंशांचा, आणि त्याच्यावरची विरळ हवा दहा लाखांची! एवढें उष्णतामान तेथें कसें टिकतें, ह्याचा वाद अजूनहि पूर्णपणें मिटलेला नाहीं. पण त्या ठिकाणीं अणु आपले इलेक्ट्रॉन गमावून बसतात, हें निर्विवाद ठरलें. आणि धूमकेतूची सर्व कथा ह्या लुटलेल्या अणूंचीच आहे. अशा अणूंना ‘आयन’ म्हणतात.

त्याच ग्रहणांत तळणी येथें ॲनी माँडर ह्या विदुषीनें एका लहानशा कॅमेऱ्यानें प्रभामंडळाचें छायाचित्र घेतलें. ग्रीनिच वेधशाळेंतील आपली जागा तिला १८९५ मध्यें विवाह होतांच सोडावी लागली होती. विवाहित स्त्रीस सरकारी नोकरी नाहीं, असा तेव्हांचा नियम होता. तिच्या चित्रांत प्रभामंडळांतून निघालेली एक शलाका सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांबवर गेलेली दिसली. इतकी लांब शलाका तोंपर्यंत कोणाच्याहि चित्रांत आली नव्हती. सूर्यापासून कांहीं तरी बाहेर वाहत आहे, ह्याची ती एक खूण होती; पण ती खूण वाचावयास आणखी अर्धें शतक जावें लागलें, आणि वाचणारास मदत झाली ती धूमकेतूंची.

धूमकेतूंचा विचार आपल्याकडे जुना आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत ‘केतुचार’ हा स्वतंत्र अध्याय घातला आहे. केतु किती आहेत ह्याविषयींचे मतभेद त्यानें प्रांजळपणें नोंदविले: कोणी १०१ म्हणत, कोणी १०००, आणि नारदाच्या मतें तो एकच असून नाना रूपें धारण करतो. पुढें शुभाशुभ फलांचा विस्तार येतो, त्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. शेंडेनक्षत्राची शेपटी नेहमीं सूर्याच्या उलट दिशेस असते, ही गोष्ट चिनी ज्योतिष्यांनीं नवव्या शतकांत आणि युरोपांत पीटर आपियान ह्यानें १५३१ च्या धूमकेतूवरून टिपून ठेविली. सूर्याचा प्रकाशच ती शेपटी ढकलतो, असें केप्लरचें मत होतें. वक्र, पिवळसर अशा धुळीच्या शेपटीपुरतें तें बरोबरहि आहे. परंतु पुष्कळ धूमकेतूंना दुसरी एक निळसर, सरळ शेपटी असते, ती वायूंच्या आयनांची. तिच्यांतील गांठी इतक्या वेगानें मागें फेंकल्या जातात कीं प्रकाशाच्या दाबाची ती ताकद नव्हे. १९५१ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बीरमान ह्यानें निष्कर्ष काढला कीं, सूर्यापासून सर्व दिशांस, सर्वकाळ, द्रव्यकणांचा झोत वाहत असला पाहिजे. वाऱ्याची दिशा देवळावरच्या निशाणावरून कळावी, तशी त्यानें ती शेंडेनक्षत्राच्या पुच्छावरून ओळखली.

हा झोत कां वाहतो, ह्याचें गणित १९५८ मध्यें शिकागो येथील यूजीन पार्करनें मांडलें. प्रभामंडळ इतकें तप्त असेल तर सूर्याचें गुरुत्वाकर्षण त्याला बांधून ठेवूं शकणार नाहीं. तें सतत बाहेर सांडत राहणारच. त्याचा निबंध दोन परीक्षकांनीं नापसंत केला. त्या नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर होते. त्यांनाहि ती कल्पना पटली नव्हती; पण गणितांत चूक काढतां येईना, तेव्हां त्यांनीं परीक्षकांचा अभिप्राय बाजूस ठेवून निबंध छापला. न पटणारी गोष्ट केवळ तिच्यांत दोष सांपडत नाहीं म्हणून छापण्याचा हा प्रामाणिकपणा विरळा. चारच वर्षांत, १९६२ मध्यें, शुक्राकडे निघालेल्या ‘मरीनर २’ ह्या यानानें तो झोत प्रत्यक्ष मोजला. ह्या सौरवाताचा वेग सामान्यतः सेकंदाला चारपांचशें किलोमीटर असतो. त्यांत बहुतेक हायड्रोजनचे प्रोटॉन, थोडे हेलियमचे अणुगर्भ, आणि हजारांत एखादा अशा प्रमाणांत प्राणवायु, कार्बन, नत्र, लोखंड इत्यादि जड मूलद्रव्यांचे आयन असतात. प्राणवायूच्या अणूला आठ इलेक्ट्रॉन. सौरवातांतील प्राणवायूचे सहा, सात, कधीं आठहि गेलेले असतात.

आतां धूमकेतूच्या प्रकाशाकडे वळलें पाहिजे. धूमकेतूचा गाभा म्हणजे कांहीं किलोमीटर व्यासाचा, धुळीनें काळवंडलेला बर्फाचा गोळा. सूर्याजवळ येतांच बर्फाची वाफ होते आणि गाभ्याभोंवतीं लक्षावधि किलोमीटर पसरणारें विरळ वायूचें आवरण तयार होतें. डोनाटीनें १८६४ मध्यें प्रथम एका धूमकेतूचा वर्णपट पाहिला व त्यांत प्रकाशमान पट्टे आढळले. ते कार्बनच्या संयुगांचे आहेत, हें १८६८ मध्यें विल्यम हगिन्सनें ओळखलें. म्हणजे धुळीवरून परावृत्त होणारा सूर्यप्रकाश एक, आणि सूर्यकिरणांनीं चेतविलेल्या वायूंचा स्वतःचा मंद उजेड दुसरा. १९१० मध्यें हॅलेच्या धूमकेतूच्या वर्णपटांत सायनोजेन हा विषारी वायु दिसला, आणि मे महिन्यांत पृथ्वी त्या शेपटीजवळून जाणार असें जाहीर होतांच पाश्चात्त्य शहरांतून घबराट उडाली. लोकांनीं दारांच्या फटी बुजविल्या, आणि धूमकेतूच्या विषावर गोळ्या विकणारेहि निघाले! कोणाला कांहींहि झालें नाहीं; ती शेपटी अतिशय विरळ होती. असो. ह्या दोन प्रकारच्या उजेडांखेरीज धूमकेतूपाशीं तिसरा उजेड असेल, आणि तोहि क्ष-किरणांचा, असें कोणास वाटण्याचें कारण नव्हतें. क्ष-किरण येतात ते लक्षावधि अंश तापलेल्या वायूंपासून. गोठलेल्या बर्फाच्या गोळ्याशीं त्यांचा संबंध काय?

१९९६ च्या जानेवारी अखेरीस युजी ह्याकुताके ह्या जपानी हौशी निरीक्षकानें आपल्या मोठ्या द्विनेत्री दुर्बिणींतून एक नवा धूमकेतु शोधला. दोन महिन्यांच्या आंत, ता. २५ मार्च रोजीं, तो पृथ्वीपासून अवघ्या दीड कोटी किलोमीटरवरून गेला. अशी जवळीक क्वचितच घडते. त्याच सुमारास केरी लिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं ‘रोसाट’ ह्या जर्मन क्ष-किरण उपग्रहाचा रोख धूमकेतूकडे वळविला. जें दिसलें तें त्यांनाहि अपेक्षित नव्हतें. धूमकेतु क्ष-किरणांत झळकत होता, अपेक्षेच्या सुमारें शंभरपट. त्यांतहि नवल असें कीं, उजेड गाभ्यावर नव्हता. गाभ्याच्या पुढें, सूर्याच्या बाजूस, तो चंद्रकोरीसारखा पसरलेला होता, आणि कांहीं तासांच्या अवधींत त्याची तेजस्विता कमीअधिक होत होती.

मग तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले, सूर्याचेच क्ष-किरण अतिसूक्ष्म धुळीवरून परावृत्त होत असावेत. कोणी वेगवान् इलेक्ट्रॉनांच्या धडकांवर बोट ठेविलें. कोणी धूळकणांच्या परस्पर टकरा सुचविल्या. प्रत्येक तर्कांत एखादी गोष्ट जुळे, दुसरी सुटे. ह्या सर्वांत जो तर्क अखेर टिकला तो कॅन्सस विद्यापीठाच्या टॉमस क्रेव्हन्सनें १९९७ मध्यें मांडला, आणि तो मुळांत अत्यंत साधा आहे. नाक्याची उपमा येथेंच उपयोगी पडते.

सूर्याच्या प्रभामंडळांत लुटला गेलेला प्राणवायूचा आयन कोट्यवधि किलोमीटर रिकाम्या आकाशांतून येतो. वाटेंत त्याची भूक भागविण्यास कोणी भेटत नाहीं. धूमकेतूच्या आवरणाच्या सीमेवर त्याला प्रथमच पाण्याच्या वाफेचे अखंड रेणु भेटतात. रेणूजवळून जातां जातां तो आयन त्याचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. रेणु विद्युत्भारित होतो, आयनाचा भार एकानें घटतो, आणि तो जवळजवळ त्याच वेगानें पुढें जातो. ह्या देवघेवीस ‘विद्युत्भार-विनिमय’ म्हणतात. हिसकावलेला इलेक्ट्रॉन लगेच आंतल्या जागीं बसत नाहीं. तो बाहेरच्या एखाद्या उंच पायरीवर येऊन पडतो आणि तेथून खालीं उतरतो. जिन्यावरून घरंगळणाऱ्या चेंडूनें प्रत्येक पायरीवर आवाज करावा, तसा तो उतरतांना प्रकाश देतो. लुटलेल्या आयनाची ओढ जबर असल्यामुळें शेवटच्या उड्या फार खोल असतात, आणि तो प्रकाश डोळ्यांस दिसणारा न राहतां क्ष-किरणांचा होतो.

म्हणजे धूमकेतु थंडच आहे. उष्णतेचा पुरावा त्या प्रकाशांत आहे खरा, पण ती उष्णता सूर्याच्या प्रभामंडळांतील आहे. आयनाच्या अंगावर तिचा शिक्का बसलेला असतो, आणि नाक्यावर तो उघड होतो. चंद्रकोरीचें कोडेंहि येथें सुटतें. सूर्याच्या बाजूनें येणाऱ्या आयनांना गाभ्यापर्यंत पोंचण्याआधींच पुरेसा वायु भेटतो. त्यांचा विनिमय तेथेंच उरकतो, आणि म्हणून उजेड गाभ्याच्या पुढें पडतो. सौरवात कधीं जोराचा, कधीं मंद. त्याबरोबर तेज तासातासाला बदलतें. हजारांत एखादा आयन एवढा उजेड पाडूं शकेल काय, ही शंका रास्त होती. परंतु आवरण इतकें विस्तीर्ण असतें कीं त्यांत सांपडणाऱ्या आयनांची एकूण संख्या प्रचंड होते. आणि गंमत अशी कीं, ही क्रिया भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत पूर्वींपासून माहीत होती. ती आकाशांत एवढ्या मोठ्या प्रमाणावर चालत असेल, हें मात्र कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें.

त्याच १९९७ सालीं कोनराड डेनर्ल ह्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं रोसाटचें जुनें दप्तर चाळलें. त्या उपग्रहानें १९९० व १९९१ मध्यें सर्व आकाशाची पाहणी केली होती. त्या नोंदींत चार धूमकेतु क्ष-किरणांनीं उजळलेले सांपडले. लेव्ही आणि आराई हे त्यांपैकीं दोन. म्हणजे ह्याकुताकेच्या पांचसहा वर्षें आधीं पुरावा हातीं येऊन पडला होता, आणि धूमकेतूपाशीं क्ष-किरण शोधावेत असें कोणास न वाटल्यामुळें तो तसाच पडून राहिला. दप्तरांत वस्तु असणें आणि ती सांपडणें ह्यांत केवढें अंतर असतें, तें जमाबंदीच्या कारकुनालाहि ठाऊक आहे.

तरीहि क्रेव्हन्सच्या म्हणण्यास निर्णायक पुरावा हवा होता. रोसाटला क्ष-किरणांचे रंग बारकाईनें वेगळे करतां येत नव्हते. परावृत्त प्रकाश असेल तर वर्णपट सलग यावा. विद्युत्भार-विनिमय असेल तर ठराविक मूलद्रव्यांच्या सुट्या रेषा याव्यात. हा निवाडा करण्याचें काम १९९९ मध्यें अवकाशांत गेलेल्या ज्या दुर्बिणीकडे आलें, तिचें नांव ‘चंद्रा’. पार्करचा निबंध छापणाऱ्या चंद्रशेखरांच्याच स्मरणार्थ तें ठेविलेलें आहे. जुलै २००० मध्यें चंद्रा दुर्बीण ‘लिनियर’ नांवाच्या एका धूमकेतूवर लावण्यांत आली आणि इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूच्या व नत्राच्या रेषा स्पष्ट उमटल्या. वाद तेथें मिटला. तो धूमकेतु मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस सूर्याजवळ फुटून विखरून गेला. मरतां मरतां त्यानें साक्ष दिली म्हणावयाचें.

त्यानंतर वीसहून अधिक धूमकेतूंचा हा प्रकाश पाहण्यांत आला आहे. जेथें यान नाहीं, अशा ठिकाणच्या सौरवाताची घटना त्याच्या रेषांवरून कळूं लागली: अमुक दिवशीं त्यांत किती लुटलेला प्राणवायु होता, तो प्रभामंडळाच्या कोणत्या, किती तप्त भागांतून निघाला असावा, इत्यादि. पुढें हाच विनिमय मंगळ व शुक्र ह्यांच्या वरच्या हवेंतहि आढळला. पृथ्वीहि त्यास अपवाद नाहीं. १९९० मध्यें रोसाटनें घेतलेल्या चंद्राच्या चित्रांत त्याच्या अंधाऱ्या बाजूवरहि क्ष-किरण आढळले होते. चंद्राची रात्रीची बाजू कशी प्रकाशते, हें कोडें वर्षानुवर्षें होतें. चंद्रा दुर्बिणीनें २००१ मध्यें केलेल्या निरीक्षणांनीं त्याचा उलगडा झाला. तो प्रकाश चंद्रावरचा नव्हताच. पृथ्वीभोंवतीं दूरवर पसरलेल्या अतिविरळ हायड्रोजनमध्यें सौरवाताचे आयन इलेक्ट्रॉन ओढून घेत होते, आणि उपग्रह त्या उजेडांतूनच चंद्राकडे पाहत होता. तेव्हांपासून दूरच्या दीर्घिकांच्या मंद क्ष-किरणांचा अभ्यास करणारास प्रथम हा घरचा उजेड वजा करावा लागतो.

१९१२ मध्यें पुण्यांतून गेलेलें सूर्याचें शास्त्र ह्या काळांत पुण्यास परत आलें आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघालेलें व ६ जानेवारी २०२४ रोजीं आपल्या नियोजित कक्षेंत पोंचलेलें ‘आदित्य एल-१’ हें भारतीय यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूस राहतें. त्यावरील सूर्याचीं अतिनील छायाचित्रें घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंत सिद्ध झाली. त्याच यानावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचें आणखी एक यंत्र आहे. सौरवाताचे कण पृथ्वीच्या नाक्यावर येण्यापूर्वींच तें त्यांची मोजदाद करतें.